पायवाट, पेडल आणि वल्हे

सकाळी जंगलातून चालणे, मग सायकलने काही अंतर कापणे आणि ऊन कलल्यावर कयाकमधून पाण्यावर फिरणे, असा वाटाड्यासोबतचा दिवसभराचा कार्यक्रम साहसी पर्यटनात आता चांगलाच रुळला आहे. यातला एकही प्रकार हौशी माणसाच्या आवाक्याबाहेरचा नाही. रोज तासभर चालणारा, सायकल येणारा आणि पाण्याला न बिचकणारा कोणीही त्यात भाग घेऊ शकतो. कठीण असते ते तिन्हींची मोट बांधणे. चालणे लांबले की सायकल उन्हात सापडते. सायकल रखडली की पाण्यात उतरेपर्यंत दिवस बुडायला आलेला असतो. त्यामुळे असा दिवस पार पडतो तो अंगातल्या ताकदीपेक्षा आखणीच्या जोरावर, आणि आखणी ठरते त्या त्या मुलखाच्या चढ-उतारांवर.

ही कल्पना लोकप्रिय होण्यात शर्यतींचा वाटा मोठा आहे. न्यूझीलंडमध्ये १९८३ पासून ‘कोस्ट टू कोस्ट’ नावाची शर्यत होते. दक्षिण बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघायचे आणि धावत, सायकलने व कयाकने पूर्व किनारा गाठायचा. अंतर २४३ किलोमीटर. सुरुवातीला ती दोन दिवसांची होती. १९८७ पासून तेवढेच अंतर एका दिवसात संपवण्याचा प्रकारही सुरू झाला. पर्यटकांसाठीचा दिवस याच्या पासंगालाही पुरत नाही आणि पुरायचे कारणही नाही. सहा-आठ किलोमीटर चालणे, पंधरा-वीस किलोमीटर सायकल आणि तीन-चार किलोमीटर वल्हवणे एवढ्यात पहिल्यांदा येणाऱ्याचा दिवस भरतो. आपल्याकडे या धर्तीचा जुना नमुना केरळातल्या पेरियार व्याघ्र प्रकल्पात आहे. तेथे पर्यटक जंगलातून चालतात आणि बांबूच्या तराफ्यावरून जलाशयात फिरतात. सोबतचे वाटाडे आसपासच्या वस्त्यांमधले असतात आणि त्यांतले काही जण पूर्वी याच जंगलातून चोरून झाडांची साल काढणारे होते. जंगलाच्या चोरवाटा ज्याला पाठ, त्यालाच राखणदार आणि वाटाड्या करण्याची ही युक्ती पुढे अनेक ठिकाणी उचलली गेली.

कोल्हापूर जिल्ह्यात अशा दिवसाला जमिनीचा उतारच अनुकूल आहे. पश्चिमेला सह्याद्रीचा घाटमाथा, तिथून पूर्वेकडे उतरत जाणाऱ्या नद्यांची अरुंद खोरी आणि पुढे उसाचे सपाट रान. पावसाचे गणितही याच उताराचे. गगनबावड्याला वर्षाकाठी पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, शिरोळात, पाचशेच्या आसपास पडतो. घाटमाथ्यावरचे ओढे खाली येतात, धरणांत अडतात, आणि कासारी, कुंभी, तुळशी व भोगावती यांचे पाणी प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते. जंगल, उताराचा रस्ता आणि साठलेले पाणी या तिन्ही गोष्टी एकाच खोऱ्यात, शहरापासून साधारण ऐंशी किलोमीटरच्या आत मिळतात. आंबा आणि विशाळगडच्या बाजूलाही हे जमते. पण सर्वांत सलग उतार मिळतो तो भोगावतीच्या खोऱ्यात, दाजीपूर ते राधानगरी.

हा मुलूख पूर्वी कोल्हापूर संस्थानचे शिकारीचे रान होता. छत्रपती शाहू महाराजांनी १९०८ च्या सुमारास भोगावतीवर धरणाचे काम काढले आणि जवळच्या वस्तीला आपल्या कन्येचे नाव देऊन राधानगरी वसवली. धरणामागच्या पाण्याला महाराणींच्या नावावरून लक्ष्मी तलाव म्हणतात. पैशाच्या आणि महायुद्धाच्या अडचणींनी काम रखडले आणि धरण पूर्ण झाले ते स्वातंत्र्यानंतर. त्याच सुमारास, १९५८ मध्ये, दाजीपूरचे जंगल गव्यांसाठी राखून ठेवले गेले. महाराष्ट्रातले पहिले अभयारण्य म्हणून ते ओळखले जाते. १९८५ मध्ये हद्द वाढून त्याचे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले आणि २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या ३९ जागांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यांत कास, कोयना आणि चांदोलीबरोबर राधानगरीचाही समावेश झाला. उत्तरेचा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प आणि दक्षिणेची गोवा-कर्नाटकातली जंगले यांना जोडणारा पट्टा इथूनच जातो, म्हणून अधूनमधून वाघाची ये-जाही होते. पर्यटकाला तो दिसेल ही आशा मात्र धरू नये.

मोसम ठरलेला आहे. पावसाळ्यात अभयारण्य पर्यटकांसाठी बंद असते आणि ते योग्यच आहे. ओढे एका तासात चढतात, वाटा निसरड्या होतात आणि जळवा पायमोज्यांतूनही आत शिरतात. पावसाळा सरल्यावर फेब्रुवारीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला. मार्चनंतर सायकलचा टप्पा तापतो आणि धरणाचे पाणी उतरून काठाला गाळ उघडा पडतो. वरून वाळलेला दिसणारा हा गाळ आत ओला असतो. त्यात पाय गुडघ्यापर्यंत रुततो आणि कयाक पाण्यापर्यंत नेणे हाच एक खेळ होऊन बसतो. चांगल्या मोसमाला एकच खोट आहे, ती म्हणजे दिवस लहान. डिसेंबरात कोल्हापूरला सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. या अकरा तासांत तीन टप्पे, दोन वेळचे खाणे, साहित्याची अदलाबदल आणि लोकांचे रेंगाळणे बसवायचे असते.

टप्प्यांचा क्रम हा आखणीतला खरा तिढा. जंगल पहाटे जागे असते, म्हणून चालणे पहिले हवे. पण पाणीही सकाळीच शांत असते. दुपारी जमीन तापली की जलाशयावर वारा सुटतो, लाटा उठतात आणि नवख्याची कयाक जागच्या जागी गोल फिरू लागते. दोन्ही सकाळी जमत नाहीत. मग बहुतेक वाटाडे पहाटे जंगल, ऊन चढायच्या आत सायकल, मधे जेवण आणि सक्तीची विश्रांती, आणि वारा पडू लागला की साडेतीन-चारला पाणी असा क्रम लावतात. यात आणखी एक फायदा आहे. चालणे आणि सायकल दोन्ही पायांवर येतात, वल्हवताना मात्र काम खांद्यांचे, पाठीचे आणि कमरेचे. दमलेल्या पायांना शेवटी बसायला मिळते. तोटाही लक्षात ठेवायला हवा: दिवसाच्या शेवटी माणूस थकलेला असतो आणि थकलेला माणूस पाण्यावर चुका करतो. म्हणून पाण्याचा टप्पा सर्वांत छोटा ठेवतात आणि सूर्यास्ताच्या तासभर आधी सगळे काठावर असतील असा हिशेब धरतात.

चालण्याचा वेळ काढायला एक जुना ठोकताळा आहे. स्कॉटलंडचे गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये तो मांडला. सपाटीवर ताशी साधारण पाच किलोमीटर धरायचे आणि दर सहाशे मीटर चढाला एक तास वाढवायचा. आठ किलोमीटरची वाट आणि तीनशे मीटर चढ असेल तर दोन तास सहा मिनिटे येतात. हा हिशेब न थांबता चालणाऱ्याचा. दहा-बारा जणांचा गट, त्यांत दोघे फोटो काढणारे, एक बूट चावणारा आणि दर फुलापाशी नाव विचारणारा कोणीतरी, म्हणजे तोच वेळ दुप्पट धरलेला बरा.

दाजीपूरचे जंगल निमसदाहरित आहे. अंजनी, जांभूळ, हिरडा, ऐन, किंजळ, आंबा ही इथली नेहमीची झाडे. खाली कारवीची दाटी, तिला सात वर्षांनी एकदा फुलोरा येतो. मधेच जंगल संपते आणि जांभ्या दगडाचा उघडा सडा लागतो. सावराई सडा हा त्यातला माहितीतला. पावसाळ्याच्या शेवटी या सड्यांवर सीतेची आसवे, गेंद आणि किडे खाणारी दवबिंदूसारखी बोटभर उंचीची झाडे फुलतात. माती जेमतेम इंचभर असते, त्यामुळे एका गटाची पावले पडली तरी तो तुकडा त्या वर्षापुरता गेला. सड्यावर वाट सोडू नका असे वाटाडे का बजावतात, ते यातून कळते. घाटाच्या कड्यावर गेले की खाली कोकण दिसते. याच धारेवर पाण्याची फाळणी होते. पश्चिमेला पडलेला थेंब लवकरच अरबी समुद्राला मिळतो. चार पावले पूर्वेला पडलेला भोगावती, पंचगंगा, कृष्णा असा हजार किलोमीटरहून अधिक प्रवास करून बंगालच्या उपसागरात जातो.

जंगलात वाटाड्याचे काम वाट दाखवण्याचे कमी आणि वाचण्याचे जास्त असते. चिखलात उमटलेला खूर सांबराचा की गव्याचा, शेण किती ताजे, त्यावर माश्या बसल्या आहेत का, वानरांचा ‘खक्‌-खक्‌’ आवाज नुसता भांडणाचा की बिबट्या दिसल्याचा, हे तो चालता चालता ताडत असतो. वर फांदीच्या टोकाला काटक्यांचा गोळा दिसला तर ते बहुधा शेकरूचे घरटे. पण सर्वांत जास्त लक्ष त्याला ठेवावे लागते ते गव्यावर.

मोठ्या नराचे वजन आठशे किलोच्या पुढे जाते. अंग काळसर तपकिरी, गुडघ्यांखाली पाय पांढरे, जणू मोजे चढवलेले. कळपाची पुढारी बहुधा वयस्क मादी असते. गव्याची नजर फार तीक्ष्ण नसते, वास आणि कान मात्र तल्लख. माणूस कळला की तो आधी मान उचलून बघत राहतो, नाकातून जोरात फुरफुरतो, आणि पुष्कळदा आडवा वळून आपली पूर्ण कूस दाखवतो. नवख्याला वाटते, बरे झाले, फोटोसाठी उभा राहिला. खरे तर तो आपला आकार दाखवून बजावत असतो. या वेळी वाटाडे हाताने गट थांबवतात, सगळ्यांना एकत्र करतात आणि पाठ न फिरवता हळूहळू मागे नेतात. कळप जिथून निघून जाईल ती वाट मोकळी सोडायची, वासरू आणि आई यांच्या मधे कधीही यायचे नाही, आणि एकटा नर दिसला तर अंतर आणखी वाढवायचे, हे नियम कोणी मोडले तर बाकीच्यांना त्याचे मोल द्यावे लागते. अलीकडे गवे उसात आणि वस्त्यांजवळ येऊ लागल्यामुळे त्यांच्याभोवती गर्दी करण्याची वाईट सवय लोकांना लागली आहे. जंगलात ती सवय जिवावर बेतू शकते.

गव्याहून लहान जीव जास्त त्रास देतात. आग्या मोहोळ हे त्यातले मोठे संकट. अत्तर, डिओ, विडी-सिगारेटचा धूर आणि आरडाओरडा यांनी माश्या उठतात. उठल्या तर तोंड झाकून सरळ लांब पळत सुटायचे. हातवारे केल्याने त्या आणखी चवताळतात. गोचिडांसाठी पूर्ण बाह्या, पँट मोज्यांत खोचलेली आणि घरी गेल्यावर अंग तपासणे पुरते; शेजारच्या सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यात २०१६ पासून माकडतापाचे रुग्ण आढळल्याने ही खबरदारी आता हौसेची राहिलेली नाही. सापांपैकी हिरवा चापडा झुडपाच्या फांदीवर बेमालूम बसलेला असतो, म्हणून तोल सावरायला दिसेल ती फांदी धरू नये. आपल्याकडची नेहमीची सर्पविषरोधक लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावरची आहे. चापड्यासाठी ती नव्हे. चापड्याचा दंश झालाच तर अंग हलू न देता दवाखाना गाठणे आणि साप कसा दिसत होता ते डॉक्टरांना सांगणे एवढेच हातात असते. बूट मात्र घोट्याच्या वर येणारे हवेत. कोल्हापुरी चप्पल जगात कुठेही मिरवावी, इथे नको.

सायकलचा टप्पा ऐकायला सोपा वाटतो. दाजीपूरहून राधानगरीकडे येणारा रस्ता बराचसा लक्ष्मी तलावाच्या कडेकडेने आणि एकूण उताराने येतो, त्यामुळे पायांना फार श्रम पडत नाहीत. पण उतारच धोक्याचा. पुढचा ब्रेक एकटाच जोरात दाबला तर सायकलस्वार हँडलवरून पुढे जातो. नुसता मागचा दाबला तर चाक घसरते. दोन्ही मिळून, वळणाच्या आधी, थोडे थोडे दाबत वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचे, ही एकच गोष्ट वाटाड्याने सुरुवातीला सपाट जागेवर दहा मिनिटे घोटून घ्यायला हवी. चढाला गिअर आधी उतरवावा, पाय अडकल्यावर नव्हे. सीटची उंची पेडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी; बहुतेक भाड्याच्या सायकलींची सीट खूप खाली असते आणि संध्याकाळी दुखणारे गुडघे तिथूनच येतात.

दाजीपूर-राधानगरी हा रस्ता देवगड-निपाणी राज्यमार्गाचा भाग आहे. फोंडा घाटातून कोकणात जाणारी-येणारी अवजड वाहने याच रस्त्याने जातात. त्यामुळे गट एका ओळीत, पुढे एक वाटाड्या आणि शेवटी दुसरा, आणि मागे सामानाची गाडी, ही रचना सोडता येत नाही. राधानगरीच्या खाली खोऱ्यात उतरले की दुसरेच वाहन समोर येते. दिवाळीच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि परिते, हळदीच्या बाजूला उसाने भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर येतात. ट्रॅक्टर निघून गेला म्हणून सायकल आत घातली तर दुसरी ट्रॉली अंगावर येते. उसाच्या कांड्या आणि पाचट रस्त्यावर पडलेले असते, चाक त्यावरून हमखास घसरते. खोऱ्यातला हा भाग गाडीने पार करावा आणि सायकल वरच्या, कमी वर्दळीच्या पट्ट्यापुरती ठेवावी हे शहाणपणाचे. गावातले अंतर्गत रस्ते मिळाले तर त्याहून चांगले.

अभयारण्याच्या आतल्या मातीच्या रस्त्यांवर सायकल न्यायची असेल तर वन विभागाची परवानगी लागते. खरे तर आत पाऊल टाकायलाच लागते. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात जाणे हे परवान्याने मिळणारे काम आहे, हक्काने नव्हे. सायकलचा आवाज होत नाही, हा जंगलात गुण वाटतो आणि तोच दोष ठरतो; वळणापलीकडे उभ्या जनावराला माणूस अगदी जवळ आल्यावरच कळतो.

मधल्या जेवणाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही, एक गोष्ट सोडून. कोल्हापुरात पाहुण्याला तांबडा-पांढरा रस्सा वाढल्याशिवाय जेवण झाले असे कोणी मानत नाही. पण तासाभरात कयाकमध्ये बसायचे असेल तर तो मोह रात्रीवर ढकलावा. झुणका, भाकरी, खर्डा, दही आणि वर गुळाचा खडा एवढे पुरते. पाणी तहान लागण्याआधीच प्यायला हवे, तासाला साधारण अर्धा लिटर. घामाने गेलेले मीठ भरून काढायला एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडच्या इनुइट शिकाऱ्यांची नाव. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती बनवत आणि एकटा माणूस तीत बसून सीलची शिकार करी. १९३६ च्या बर्लिन स्पर्धेपासून ती ऑलिंपिकच्या खेळांत आली. पर्यटकांना दिली जाते ती बहुधा प्लास्टिकची, वर उघडी, जिच्यावर बसायचे असते, जिच्यात शिरायचे नसते अशी. रुंद असल्याने ती सहसा उलटत नाही आणि उलटली तरी माणूस आत अडकत नाही. वल्ह्याला दोन्ही टोकांना पाती असतात. उजवीकडे वल्हवले की नाकाड डावीकडे वळते, डावीकडे वल्हवले की उजवीकडे. पहिली पंधरा मिनिटे प्रत्येक जण हे विसरतो. जोर दंडातून लावला तर हात लगेच भरून येतात. वल्हे पावलांजवळ पाण्यात घालायचे, कमरेतून अंग वळवत मागे ओढायचे आणि कुल्ल्याजवळ बाहेर काढायचे. पाय समोरच्या खोबणीत टेकलेले असले की पायांचाही रेटा मिळतो.

उतरण्याआधी लाइफ जॅकेट तपासायचे असते आणि तपासण्याची रीत सोपी आहे. पट्टे आवळल्यावर दुसऱ्याने खांद्याला धरून जॅकेट वर ओढावे. ते हनुवटीच्या वर सरकले तर ढिले आहे. जॅकेटांवर न्यूटनमध्ये आकडा लिहिलेला असतो. ५० न्यूटनचे जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला हातभार लावण्यापुरते. १०० न्यूटनचे शांत पाण्यात न पोहणाऱ्यालाही वर धरण्यासाठी असते. पंचगंगेत लहानपणापासून उड्या मारलेल्या कोल्हापूरकरांना जॅकेट घालणे कमीपणाचे वाटते. वीरधवल खाडे यांच्यासारखा ऑलिंपिकपर्यंत गेलेला जलतरणपटू या गावाने दिला, म्हणून गावातल्या प्रत्येकाला धरणाच्या पाण्यात पोहता येते असे होत नाही. दमलेले पाय, अंगावरचे कपडे, बूट आणि वारा यांपुढे पोहण्याचा हिशेब बदलतो.

कयाक उलटण्याचा सराव काठाजवळच, कमरेएवढ्या पाण्यात करून घेतात. माणूस पाण्यात पडला की पहिला नियम: नाव सोडायची नाही. जवळ दिसणारा काठ नेहमी वाटतो त्याहून लांब असतो, आणि पाण्यात नुसते डोके दिसत नाही, रंगीत नाव मात्र लांबून दिसते. उलटी झालेली कयाक पलीकडच्या कडेला धरून आपल्याकडे ओढली की सरळ होते. मग तिच्या मध्यावर दोन्ही हात ठेवायचे, पाय मागे पाण्यात आडवे आपटत अंग वर आणायचे, पोटावर नावेत आडवे पडायचे, कूस बदलून बसते व्हायचे आणि शेवटी पाय आत. उभ्याने चढायला गेलेला माणूस नाव पुन्हा अंगावर घेतो. दोन-तीनदा केले की जमते. न जमणाऱ्यासाठी वाटाड्या आपली कयाक आडवी लावून दुसरी धरून ठेवतो.

धरणाचे पाणी समुद्रासारखे खवळत नाही, पण त्याचे स्वतःचे काही धोके आहेत. बुडित क्षेत्रातली जुनी झाडे पाण्याखाली खोडांसकट उभी असू शकतात. पातळी उतरली की त्यांचे शेंडे पृष्ठभागाच्या जेमतेम खाली येतात. धरणाच्या भिंतीजवळ, सांडव्याजवळ आणि वीजगृहाच्या बाजूला कयाक नेऊच नये. राधानगरी धरणाचे सात दरवाजे स्वयंचलित आहेत: पाणी ठरलेल्या पातळीला गेले की कोणी कळ न दाबता ते उघडतात आणि एकेका दरवाजातून सेकंदाला १४२८ घनफूट पाणी सुटते. हे पावसाळ्यातच होते, पण जलसंपदा विभाग एरवीही शेतीसाठी आणि वीजनिर्मितीसाठी पाणी सोडतो. धरणाखालच्या नदीत उतरायचे असेल तर त्या दिवशीचा विसर्ग विचारल्याशिवाय उतरता कामा नये.

नदीतला आणखी एक धोका तर कोल्हापूरच्याच नावाने ओळखला जातो. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा, ज्याला के. टी. वेअर म्हणतात, तो दगडी खांबांमधल्या खाचांत बरगे घालून पाणी अडवतो. पावसाळ्यापूर्वी बरगे काढून नदी मोकळी करतात. वरून पाहिले तर बंधारा निरुपद्रवी दिसतो आणि नावेत बसलेल्याला तो पाण्याच्या सपाट रेघेएवढाच भासतो. बरग्यांवरून पडणारे पाणी मात्र खाली गोल फिरत राहते, पडलेली वस्तू बाहेर फेकण्याऐवजी पुन्हा भिंतीकडे ओढते, आणि लाइफ जॅकेट घातलेला माणूसही त्यात अडकून पडतो. बरगे काढलेले असताना खांबांमधून वाहणारी धार नावेला खांबावर आदळते. म्हणून भोगावती किंवा पंचगंगेत वल्हवायचे असेल तर दोन बंधाऱ्यांमधला शांत फुगवटा निवडतात आणि बंधारा दिसण्याच्या कितीतरी आधी काठाला लागतात. कोल्हापूरकर पुराचा अंदाज शहराजवळच्या राजाराम बंधाऱ्यावरच्या मापावरून घेतात: ३९ फुटांना इशारा, ४३ फुटांना धोका. २०१९ च्या महापुरात ते पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते. पावसाळ्यात या नद्यांवर हौसेची नाव घालण्याचा विचारही कोणी करू नये.

कोणत्या पाण्यात कयाक घालता येईल हे हौस ठरवत नाही, परवानगी ठरवते. जलाशय जलसंपदा विभागाचा, काठ अनेकदा वन विभागाचा, आणि अभयारण्याला लागून असलेल्या पाण्यात वन्यजीवांचा विचार आधी. राज्य सरकार जलपर्यटनाकडे आता लक्ष देऊ लागले आहे. कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी मुनावळे येथे २०२४ मध्ये असा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूरच्या बाजूला हा खेळ अजून बाल्यावस्थेत आहे, म्हणून आयोजकाने परवानगीचा कागद दाखवला तर पाण्याचा टप्पा, नाही तर तो वगळून दिवस आखावा.

या सगळ्याचा भार वाटाड्यावर येतो आणि तीन टप्प्यांना तीन वेगळी कसबे लागतात. जंगलासाठी स्थानिक माणसाला पर्याय नाही. राधानगरी-दाजीपूर परिसरात वन विभागाबरोबर काम करणारे स्थानिक तरुण मार्गदर्शक आहेत आणि त्यांना मिळणारी रोजची मिळकत हाही जंगल टिकवण्याचा एक मार्ग आहे. गिर्यारोहणाचे शिक्षण उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेसारख्या ठिकाणी मिळते, पाण्यावरच्या जीवरक्षकाचे गोव्यातल्या राष्ट्रीय जलक्रीडा संस्थेत. एकच माणूस तिन्हींत तरबेज असेल असे सहसा घडत नाही. पाण्यावर पाच-सहा कयाकमागे एक प्रशिक्षित माणूस असावा आणि त्याच्याजवळ फेकायची दोरी असावी, हे किमान.

महाराष्ट्रात या धंद्याला बराच काळ काहीच चौकट नव्हती. एका साहसी शिबिरात तरुण मुले दगावल्यानंतर पालक न्यायालयात गेले आणि त्यातून पुढे नियम आले. २०२१ मध्ये राज्याने साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. जमीन, हवा आणि पाणी या तिन्हींवरच्या उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते आणि सुरक्षेच्या अटी पाळाव्या लागतात. नोंदणी क्रमांक विचारणे हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो विचारल्यावर आयोजकाचा चेहरा कसा होतो यावरूनही बरेच कळते.

पैसे भरण्याआधी आणखी काही विचारून घेतलेले बरे. राधानगरीच्या वर मोबाइलची रेंज अनेक ठिकाणी जाते. मग १०८ ला फोन कुठून करणार, सामानाची गाडी कुठे थांबणार, आणि गंभीर दुखापत झाली तर कोल्हापूरच्या सीपीआर रुग्णालयापर्यंत किती वेळ लागणार, याची उत्तरे आयोजकाकडे तयार हवीत. विम्यात पाण्यावरचा अपघात धरला आहे का हे कागदावर पाहावे. हृदयविकार, दमा, फिट्स किंवा मधमाशीची ॲलर्जी असेल तर ते लपवू नये. औषध स्वतःजवळ आणि माहिती वाटाड्याजवळ. आणि वारा पडलाच नाही, गव्यांचा कळप वाटेवरून हललाच नाही किंवा पाण्यात विसर्ग सुरू झाला, तर कोणता टप्पा गाळणार, तो निर्णय कोण घेणार आणि पैशाचे काय, हेही आधीच ठरलेले असावे. टप्पा गाळल्यावर पैसे परत द्यायची तयारी ज्याची नसते, तो वारा सुटलेला असतानाही माणसे पाण्यात उतरवतो.